वस्तुसंग्रहालयाचे दार कोणासाठी?

आपल्याकडील बहुतेक वस्तुसंग्रहालयांत प्रेक्षकाची पहिली गाठ पडते ती एखाद्या मूर्तीशी वा चित्राशी नव्हे, तर मनाईच्या पाटीशी. वस्तूंना हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, एका जागी गर्दी करू नये, पुढे चालत राहावे. या सूचनांमागील हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. सात-आठशे वर्षांची पाषाणमूर्ती रोज शेकडो हातांखाली गेली तर ती फार काळ टिकणार नाही; आणि सहलीला आलेले दोन वर्ग मोकळे सोडले तर काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. परंतु पाटी लिहिणाऱ्याने आपला प्रेक्षक म्हणून कोणाला मनाशी धरले आहे, हे पाहण्यासारखे आहे. या प्रेक्षकाचे डोळे आणि कान उत्तम आहेत. काचेवर दिव्याची तिरीप पडलेली असतानाही तो मागचा बारीक टाइपातील मजकूर वाचू शकतो. दालनात घुमणारा आवाज, लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि पाठीमागून रेटणारी रांग यांनी तो बिथरत नाही. तासभर उभे राहूनही त्याचे पाय दुखत नाहीत. जो या मापात बसत नाही, त्याला कोणी दारावरून परत पाठवीत नाही, हे खरे; पण आत जाऊन त्याच्या पदरात काही पडत नाही, हेही तितकेच खरे.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा असता तर त्यावर वर्तमानपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. तो हक्काचा आहे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. त्याची जागा घेणाऱ्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ती संख्या २१ वर नेली आणि अंधत्व, क्षीण दृष्टी, बधिरत्व यांच्या जोडीला स्वमग्नतेचाही स्पष्ट उल्लेख केला. याच कायद्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनाचा विचार केला असून, कला दिव्यांग व्यक्तींच्या आवाक्यात आणणे हे शासनाचे काम ठरविले आहे. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले. म्हणजे ही मुदत २०२२ सालीच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना, सुगमतेची मानके शिफारशीच्या स्वरूपात ठेवून भागणार नाही, ती सक्तीची असली पाहिजेत, असे केंद्र सरकारला बजावले. रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत. मात्र कायदा, नियम आणि निकाल यांची ही चळत पाहून आपल्या मनात जी सुगमता येते ती दाराशी बांधलेल्या रॅम्पची. रॅम्प हवाच. पण रॅम्पवरून आत आलेल्या माणसाने आत काय करायचे, हा प्रश्न रॅम्पने सुटत नाही.

रत्नागिरीपुरता विचार केला तर आपल्यापुढे पहिले नाव येते ते थिबा राजवाड्याचे. १८८५ साली ब्रह्मदेश जिंकून इंग्रजांनी तेथील शेवटच्या राजाला हद्दपार केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी हा वाडा बांधण्यात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. आज या वाड्यात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, भाट्याच्या खाडीकडे झुकलेली टेकडी आणि समुद्रावरून येणारा वारा, हे सारे डोळ्यांनी पाहण्याचे आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः यातील निम्मे तरी हाताने, कानाने आणि अंगावर घेऊन अनुभवायचे आहे. प्रवेशद्वाराशी एका मेजावर या वाड्याची हात फिरवून पाहता येईल अशी लाकडी प्रतिकृती ठेवली, तर अंध पाहुण्याला आपण कोणत्या आकाराच्या वास्तूत शिरत आहोत हे आधी कळेल. डोळस माणसालाही ते बाहेरच्या पटांगणात उभे राहून एका नजरेत कळत नाहीच.

पण या जिल्ह्याकडे राजवाड्याहून फार मोठी आणि फार जुनी कलासंपत्ती आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी आहे. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांविषयी गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या चिकाटीमुळे ती उजेडात आली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यांचा समावेश झाला. त्या यादीत उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील स्थळे आहेत. जोडीला सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसईमळ. जांभ्या दगडाच्या सपाट पृष्ठभागावर रेषा कोरून काढलेली ही चित्रे आहेत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे: ही कला भिंतीवर टांगलेली नाही, ती पायाखाली आहे आणि तिची रेषा बोटाला लागते.

यांपैकी कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. त्याच्या काठाशी उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसते? एक वळण, एक खाच, कुठे शेपटीसारखे काही, कुठे माशासारखे काही. संपूर्ण हत्ती दिसायचा तर उंचावरून घेतलेले छायाचित्र पाहावे लागते. उक्षीला हत्तीभोवती संरक्षक भिंत घालून वरून पाहण्याची सोय करावी लागली, ती याच कारणाने. अंधगजन्यायाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकाला हत्ती खांबासारखा वाटला, दुसऱ्याला सुपासारखा, तिसऱ्याला दोरासारखा. आणि मग आपण हसतो. कशेळीच्या सड्यावर चांगले डोळे असलेल्या माणसाची नेमकी तीच अवस्था होते. त्या गोष्टीतील आंधळ्यांची चूक ते आंधळे होते ही नव्हतीच. त्यांना हत्तीभोवती पुरती फेरी मारू दिली नाही, हाती लागले तेवढ्यावर निकाल द्यायला लावले, ही गोष्ट सांगणाऱ्याची लबाडी होती. कशेळीचा हत्ती दीड हात लांबीच्या जांभ्याच्या फरशीवर प्रमाणात कोरून ठेवला, तर अंध विद्यार्थ्याला तो चार-पाच मिनिटांत सोंडेपासून शेपटीपर्यंत कळेल. आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या डोळस शिक्षकालाही तो त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच पुरता कळेल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जतन करणे हे संग्रहालयाचे पहिले कर्तव्य. स्पर्शाने झीज होते. तेव्हा स्पर्शाला परवानगी देणे म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या ठेव्यावर हात टाकणे होय. महाराष्ट्राला तर हे कोणी शिकवायला नको. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येते, हे त्या दैवताचे केवढे वैशिष्ट्य! दर्शन हा शब्द डोळ्यांचा असला तरी वारकऱ्याचे दर्शन हाताने आणि कपाळाने पुरे होते, आणि त्या रांगेत अंध वारकरी डोळसापेक्षा रतिभरही उणा राहत नाही. पण त्याच मूर्तीची झीज झाली आणि तिला वेळोवेळी वज्रलेप करावा लागला, हेही खरे. देवळात भक्तीचा अधिकार जतनाच्या वर चालतो. संग्रहालयात तो चालू नये. कातळशिल्पांच्या बाबतीत तर तेथे चालण्याचीही शिस्त हवी.

म्हणून मार्ग प्रतिकृतीचा आहे. प्रतिकृती म्हटले की आपल्या जाणकारांच्या कपाळाला आठी पडते, जणू ती गरिबाची सोय. १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांच्या पिढ्या ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकलांसमोर बसून शिकल्या, याचा या जाणकारांना विसर पडतो. तेथे कोणी मूळ पुतळा मागितला नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचे स्पर्शदालन उघडले आणि त्यात संग्रहातील निवडक वस्तूंच्या २२ प्रतिकृती हाताळण्यासाठी ठेवल्या. इटलीतील अँकोना येथे एका अंध दांपत्याच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ओमेरो संग्रहालय उभे राहिले. तेथे शिल्पांना हात लावणे हाच पाहण्याचा रिवाज आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये आपल्या काही गाजलेल्या चित्रांच्या उठावाच्या आवृत्त्या बोटांनी पाहण्यासाठी मांडल्या. चित्र हे तर सपाट असते, ते स्पर्शाने कसे कळणार, अशी शंका घेणाऱ्यांनी बिनोदबिहारी मुखर्जींचे उदाहरण आठवावे. १९५७ मध्ये त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कातरून चित्रे केली आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात टाइलींचे मोठे भित्तिचित्र रचले. ज्याला दिसत नाही तो चित्र घडवू शकत असेल, तर त्याला ते समजणार नाही हे कोणत्या शास्त्रात बसते?

दिल्ली, माद्रिद ही नावे ऐकून रत्नागिरीच्या वाचकाने लगेच खर्चाचा आकडा मनात मांडू नये. आपल्या जिल्ह्यात आषाढ लागला की गावोगाव गणपतीच्या शाळा सुरू होतात. मातीत बोट बुडवून सोंडेचे वळण आणि बोटांची पेरे काढणारे हात या मातीत पिढ्यान् पिढ्या आहेत. जांभा तासणारे पाथरवट आहेत. सावर्ड्याला कलाशिक्षण देणारे महाविद्यालय आहे. यांच्याकडून पाच-सहा उत्तम प्रतिकृती करून घेणे हे काही जिल्ह्याला न पेलणारे काम नव्हे. खर्च होईल तो आवाज ऐकविणाऱ्या आणि पडदे उजळणाऱ्या यंत्रांवर, कारण ठेकेदाराला त्यात रस असतो. उद्घाटनाच्या दिवशी ही यंत्रे चालतात. पुढे पावसाळ्याची खारी हवा त्यांचे काय करते, हे कोकणातील कोणत्याही कार्यालयाला विचारावे.

आतापर्यंतचे विवेचन अंधांविषयी झाले. परंतु ज्यांचा आपण सर्वांत कमी विचार करतो ती मुले वेगळीच आहेत. स्वमग्न मुलाचे डोळे आणि कान तपासले तर त्यांत बहुधा दोष सापडत नाही. त्याची अडचण उलट दिशेची असते: बाहेरचे जग त्याच्यावर फार जोराने आदळते. आपल्याला ज्याचा पत्ताही लागत नाही ती दिव्याची गुणगुण त्याला असह्य होते. डांबराच्या गोळीचा उग्र वास, फरशीवर ओढलेल्या खुर्चीचा कर्कश आवाज, अनोळखी माणसाचा खांद्यावर पडलेला हात यांपैकी एखादी गोष्टही त्याला सैरभैर करते. मग तो कान दाबून खाली बसतो, ओरडतो किंवा दाराकडे धाव घेतो. पहारेकरी दरडावतो, इतर प्रेक्षक आईकडे वळून पाहतात, आणि त्या कुटुंबाची सहल तेथे संपते. असे आईबाप पुन्हा संग्रहालयाकडे फिरकत नाहीत. लग्नाकार्याला आणि जत्रेलाही जाणे हळूहळू सोडतात. अशी मुले आपल्याकडे नाहीत असे मानणाऱ्यांना एवढेच सांगायचे की, ती दिसत नाहीत, कारण आपण त्यांना घरात ठेवण्यास भाग पाडले आहे.

या मुलांसाठी जे करायचे त्याला यंत्र लागत नाही, मूर्तिकारही लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ अशी ठेवावी की, त्या वेळी शाळांच्या सहली येणार नाहीत, ध्वनिक्षेपक बंद राहील, झगझगीत दिवे मालवले जातील आणि खिडक्यांतून येणाऱ्या उजेडावर काम भागेल. थिबा राजवाड्याला खिडक्यांची वाण नाही. अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयांत अशा शांत सकाळी नियमाने ठरविल्या जातात. घरून निघण्यापूर्वी मुलाला दाखविता येईल अशी चार-सहा छायाचित्रांची पुस्तिका करावी: हे दार, येथे तिकीट, हा जिना, ही मूर्ती, येथे पाणी, येथून बाहेर. पुढे काय येणार हे आधी कळले की अशा मुलाची निम्मी भीती ओसरते. एखादी लहान खोली नुसती शांत बसण्यासाठी मोकळी ठेवावी. त्याच तिकिटावर बाहेर जाऊन परत येण्याची मुभा असावी. आणि पहारेकऱ्याला एक दिवस बसवून समजावून सांगावे की, कान झाकून बसलेले मूल उद्धट नसते. या शेवटच्या गोष्टीला सर्वांत कमी पैसे लागतात आणि आपल्याकडे तीच सर्वांत अवघड ठरते. अर्थात दोष एकट्या पहारेकऱ्याचा नाही. तुटपुंज्या पगारावर दिवसभर उभ्या असलेल्या त्या माणसाला ‘वस्तू सांभाळ’ एवढेच सांगितलेले असते. ‘माणूसही सांभाळ’ असे त्याच्या नेमणूकपत्रात कोणी लिहिले आहे?

कर्णबधिरांविषयी असा समज आहे की त्यांना संग्रहालयात अडचण कसली, सारे तर पाहायचेच आहे. हा समज वरवरचा आहे. जन्मापासून न ऐकणाऱ्या अनेक मुलांपर्यंत मराठी उशिरा आणि तुटक पोहोचते. खुणांची भाषा त्यांची पहिली भाषा असते. ‘शिलाहारकालीन चतुर्भुज स्थानक विष्णुमूर्ती, भग्न’ ही पाटी त्यांच्यापुढे ठेवणे म्हणजे कुलूपबंद पेटी हाती देणे होय. खरे म्हणजे ही पाटी ऐकू येणाऱ्या पदवीधरालाही फारशी कळत नाही, पण तो तसे कबूल करीत नाही. सोपी, ठसठशीत अक्षरांतील, माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावलेली मराठी पाटी ही मोतीबिंदू झालेल्या निवृत्त कारकुनाचीही गरज आहे. म्हातारपणी दृष्टी गेलेल्याला ब्रेल येत नसते, त्यामुळे ब्रेलची एक पट्टी चिकटवून कर्तव्य संपले असे समजण्यातही अर्थ नाही. महिन्यातून एकदा खुणांच्या भाषेत दालन दाखविणारा माणूस मिळाला, तर ते दहा पाट्यांहून मोलाचे होईल. आणि दापोलीसारख्या ठिकाणी कर्णबधिर मुलांची शाळा असल्याने ती भाषा जाणणारे शिक्षक या जिल्ह्यात आहेत.

असे प्रेक्षक येतात तरी किती, हा प्रश्न कार्यालयीन टिपणीत हटकून विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार नोंदली गेली. त्या गणनेत स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. म्हणजे खरा आकडा याहून मोठा असणार. तरीही संग्रहालयाच्या दारात ही माणसे दिसत नाहीत, हे मान्य. पण जेथे जाऊन काही मिळत नाही तेथे माणसे जात नाहीत, आणि ती येत नाहीत म्हणून तेथे काही करायचे नाही, हा हिशेब मांडणाऱ्याने ओढ्यावर पूल नाही तेव्हा पलीकडे जाणाऱ्यांची संख्या मोजून पुलाची गरज ठरवावी. शिवाय संग्रहालयाने दारात वाट पाहत बसावे असेही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसगाडीतून फिरते संग्रहालय गावोगाव नेले. रत्नागिरीला बस परवडत नसेल, तर कातळशिल्पांच्या चार फरश्या लाकडी पेटीत घालून एस. टी. ने पाठविता येतील.

या कामाला आरंभ कोणी करायचा, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. राजवाडा पुरातत्त्व खात्याचा आहे, पैसा जिल्हा नियोजन समितीकडे मागता येतो, आणि मागणी करण्याचे काम शिक्षकांचे. सहलीचे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने जाते. त्याच पत्रात वर्गातील कोणत्या मुलाला काय लागेल याच्या दोन ओळी लिहिल्या, तर संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला निदान उत्तर तरी द्यावे लागेल. वर्षभरात अशी वीस पत्रे एका टेबलावर जमली, तर त्यांची फाइल होते, आणि फाइल झाली की आपल्याकडे तिला क्रमांक मिळतो.

एक दक्षता मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी लागेल. अंधांसाठी काय करावे हे डोळसांच्या समितीने ठरवू नये. मंडणगड तालुक्यात घराडी येथे अंध मुलांची ‘स्नेहज्योती’ ही निवासी शाळा आहे. जिल्ह्याचे ते उत्तरेचे टोक. कशेळीच्या हत्तीची पहिली फरशी तयार झाली की, साचा पक्का करण्यापूर्वी ती तेथे न्यावी आणि मुलांच्या पुढ्यात ठेवावी. हे काय आहे ते कोणी आधी सांगू नये. मुलांची बोटे जेथे घोटाळतील, सोंड आणि पाय जेथे एकमेकांत मिसळतील, तेथे खडूने खूण करून फरशी परत पाथरवटाकडे न्यावी आणि त्याने तेवढ्या जागी छिन्नी पुन्हा चालवावी.